जिप्सीला बंपर निवडताना

हलक्या गाडीला पुढचा बंपर बदलायचा म्हटले की आमच्या शिरपूर तालुक्यात जवळजवळ प्रत्येक जण एकच सल्ला देतो: जाड पाइपाचा, दणकट करून घ्या, म्हणजे पुन्हा बघायचे काम नाही. सल्ला आपुलकीचा असतो आणि त्यामागे या मुलखाचा अनुभवही असतो. एकीकडे आग्रा रोडची अवजड वाहतूक, दुसरीकडे सातपुड्याच्या पायथ्याची दगडगोट्यांची वाट, मध्येच कपाशीने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि रात्री अचानक आडवे येणारे रोही, म्हणजे नीलगायी. अशा ठिकाणी गाडीच्या तोंडाशी भरपूर लोखंड असावे असे कोणालाही वाटेल. माझे मत मात्र बंपर शोधता शोधता याच्या उलट पक्के होत गेले. जी गाडी मुळात हलकी आहे, आणि हलकी आहे म्हणूनच अवघड वाटेवर चालते, तिच्या बंपरबाबत पहिला प्रश्न वजनाचा विचारला पाहिजे आणि दुसरा, धडक बसल्यावर तो कसा वाकेल याचा. तो किती मजबूत आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

माझी गाडी मारुती जिप्सी आहे. १९८५च्या अखेरीस ही गाडी ९७० सीसी इंजिनासह आपल्याकडे आली, १९९६ मध्ये १३०० सीसीची ‘किंग’ आली आणि २०१९च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. कापडी टपाची जिप्सी किंग रिकामी असताना साधारण ९८५ किलो भरते. दोन लांब दांड्यांचे स्वतंत्र चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), पुढे-मागे चाके जोडणारा सरळ ॲक्सल आणि चारी चाकांना पाटे, म्हणजे लोखंडी पानांच्या स्प्रिंगा, अशी तिची साधी रचना आहे. पुढचा बंपर म्हणजे वाकवून घडी केलेला लोखंडी पत्रा, चेसिसच्या दोन दांड्यांच्या टोकांना बोल्टने आवळलेला. माझ्या गाडीचा बंपर बाहेरून शाबूत दिसत होता, काळा रंगही फारसा गेला नव्हता; पण पत्र्याची घडी जिथे खाली आत वळते, तिथे काळी माती साठून वर्षानुवर्षे ओल धरून राहिली होती. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचे टोक त्या कडेला नुसते टेकवले, तर ते आरपार गेले आणि लालसर भुगा त्यांच्या तळहातावर पडला. बोल्टांभोवतीचा पत्रा पापुद्र्यांनी सुटत होता. डागडुजीने भागण्यासारखे ते राहिले नव्हते.

गाडी कुठे चालते हे सांगितल्याशिवाय पुढचा विचार कळणार नाही. आमचे शेत पायथ्याशी आहे. बोराडीच्या वर पाड्यांकडे जाणाऱ्या वाटांवर बियाणे, खत आणि कधी एखादा आजारी माणूस घेऊन जावे लागते. उन्हाळ्यात वाट कोरडी, धुळीची आणि टोकदार दगडांची असते. पहिला मोठा पाऊस झाला की खालच्या काळ्या जमिनीत पाय ठेवावा तिथे चिखल चिकटतो आणि नाल्याचे दोन्ही काठ उभे कापले जातात. या वाटेवर जिप्सी जाते ते इंजिनाच्या जोरावर नव्हे. तिच्यापेक्षा कितीतरी ताकदवान, पण दीड टनाहून बरीच जड गाडी काळ्या मातीत जिथे बसते, तिथून जिप्सी निघून जाते, कारण तिच्या चाकांखाली जमिनीवर पडणारा भार कमी असतो. म्हणजे या गाडीचे जे काही भांडवल आहे ते तिच्या हलकेपणात आहे, आणि बंपर निवडताना नेमके तेच भांडवल खर्ची पडण्याचा धोका असतो.

बंपरचे काम काय, याविषयी गावोगावी एक ठाम समजूत आहे की धडक झाली तरी बंपरला काही होता कामा नये. मला ही समजूत घातक वाटते. चालत्या गाडीत जी ऊर्जा असते ती थांबताना कुठेतरी खर्च व्हावीच लागते, आणि पत्रा वाकण्यात, चुरगळण्यात ती जितकी खर्च होईल तितकी आत बसलेल्या माणसाच्या वाट्याला कमी येते. साधा हिशेब आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ३० सेंटिमीटर चुरगळत थांबली, तर पट्टा लावलेल्या माणसाला सरासरी त्याच्या वजनाच्या २१ पट जोर सोसावा लागतो. तीच गाडी १० सेंटिमीटरमध्ये थांबली तर तो जोर ६३ पट होतो. बंपर न वाकल्याचे समाधान ज्याला हवे असते, त्याने हा फरक कोणाच्या छातीवर आणि मानेवर येतो हे लक्षात घ्यावे. शिवाय जो बंपर स्वतः वाकत नाही तो सगळा दणका मागे चेसिसच्या दांड्यांकडे पाठवतो. जिप्सीत स्टिअरिंग बॉक्स चेसिसलाच बसवलेला असतो. दांड्याचे टोक जरासे जरी फिरले तरी गाडी सरळ चालत नाही, टायर एका कडेने झिजतात आणि मग चेसिस सरळ करणाऱ्याचे दार गाठावे लागते. वाकलेला बंपर एका दुपारी बदलून होतो. म्हणून बंपर हा चेसिसपेक्षा दुबळाच असला पाहिजे, असे मी आता कोणालाही निःसंकोच सांगतो.

नव्या गाड्यांत हा विचार आधीच केलेला असतो. जिम्नी किंवा २०२० नंतरची थार घ्या. पुढे दिसते ते प्लास्टिकचे आवरण असते, त्यामागे एक आडवी लोखंडी तुळई आणि तुळई व चेसिस यांच्यामध्ये ठरवून चुरगळणारे डबे असतात. गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतो आहे, हे मोजून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरते. अशा गाडीच्या पुढे घट्ट लोखंडी चौकट बसवली की दणका ज्या रीतीने आत पोहोचायला हवा ती रीतच बदलते. जिप्सीला एअरबॅग नाही, म्हणून तिच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. पण एअरबॅग नाही म्हणूनच पत्र्याच्या चुरगळण्याचे मोल तिच्यात अधिक आहे.

आता वजन. यासाठी कोणाच्या सांगण्यावर विसंबायची गरज नाही, कारण लोखंडाचा हिशेब कागदावर करता येतो. पाइपाच्या बंपरला, म्हणजे गार्डला, बहुतेक ठिकाणी दीड इंची पाइप वापरतात. मध्यम जाडीच्या या पाइपाचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर आणि वजन मीटरला सुमारे ३.५६ किलो असते. बाजारात पाइप सहा मीटरच्या लांबीत मिळतो, आणि दोन आडवे, दोन उभे, कडेला वळवलेले असे गार्ड करताना ती लांबी सहज संपते. म्हणजे नुसता पाइपच २१ किलो झाला, वरून पट्ट्या आणि चेसिसला जोडायच्या जाड प्लेट वेगळ्या. पत्र्याचा बंपर करायचा तर एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो, या मापाने तीन मिलिमीटरचा साडेतेवीस किलो. विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोरी गुंडाळत ओढून काढणारे बॅटरीवरचे यंत्र, बसवायचा बंपर या पत्र्यात आणि पाच-सहा मिलिमीटरच्या प्लेटांत केला की तो पस्तीस-चाळीस किलोंवर जातो. त्यात साडेनऊ हजार पौंडांची, पोलादी दोरीची विंच ठेवली की आणखी पस्तीसेक किलो. एकूण पंचाहत्तर धरू.

पण पंचाहत्तर किलो हा आकडाही खरा भार सांगत नाही, कारण हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकते. माझ्या गाडीत पुढच्या ॲक्सलपासून बंपरच्या मध्यापर्यंत साधारण ६० सेंटिमीटर अंतर भरले, आणि दोन्ही ॲक्सलमधले अंतर २३७.५ सेंटिमीटर आहे. तरफेच्या नियमाने पुढच्या ॲक्सलवर सुमारे ९४ किलो वाढतात आणि मागच्या ॲक्सलवरचे सुमारे १९ किलो उचलले जातात. गाडीच्या नाकावर एक भरगच्च माणूस कायमचा बसवून, मागच्या चाकांवरून एक लहान मूल उतरवल्यासारखे हे आहे. पुढचे पाटे हळूहळू बसतात, खड्ड्यात ॲक्सल वर येऊन रबरी ठोकळ्यावर आदळते, उतारावर ब्रेक दाबला की नाक आणखी खाली जाते आणि चिखलात पुढची चाके अगोदर रुततात. मग कोणीतरी पाट्यांत एक पान वाढवायला सांगतो. पान वाढले की रिकाम्या गाडीत चाके दगडावरून उड्या मारू लागतात. बंपरपासून सुरू झालेला खर्च असा पाट्यांपर्यंत, शॉकॲब्सॉर्बरपर्यंत आणि टायरपर्यंत पोहोचतो.

विंचबद्दलही इथेच बोलून घेतो. विंचची ओढण्याची क्षमता भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी असा सर्वमान्य ठोकताळा आहे. जिप्सी माणसे आणि सामानासकट १४०० किलो धरली तर २१०० किलो, म्हणजे पाच हजार पौंडांच्या आतली विंच पुरते. तरीही बाजारात जड गाड्यांची साडेनऊ हजार पौंडांची विंच सर्रास दाखवली जाते, जी जिप्सीच्या एकूण वजनाच्या तिप्पट ओढेल. पूर्ण जोरात अशी विंच बॅटरीतून तीनशे-चारशे ॲम्पिअर खेचते आणि जिप्सीची बॅटरी लहान असते. ज्यांना एकट्याने दूर जंगलात जायचे आहे त्यांच्यासाठी विंच हा वेगळा विषय आहे. आमच्याकडे कुठेही अडकले तरी हाकेच्या अंतरावर ट्रॅक्टर असतो.

आणि ट्रॅक्टर असतो म्हणूनच बंपरचा आणखी एक प्रश्न निघतो. गेल्या पावसाळ्यात नात्यातल्या एका मुलाची गाडी नाल्याच्या काठाला रुतली. त्याच्या गाडीला पाइपाचे देखणे गार्ड होते. ट्रॅक्टरवाल्याने साखळी आणली आणि तिची आकडी सर्वांत जवळच्या, सर्वांत जाड दिसणाऱ्या मधल्या पाइपाला अडकवली. साखळी दोरासारखी ताणली जात नाही, ती सैल असते आणि क्षणात घट्ट होते, त्यामुळे ट्रॅक्टर पुढे सरकताच पहिलाच हिसका पूर्ण जोराचा बसला. पाइप वेल्डिंगपासून सुटला आणि साखळीच्या टोकाला लोंबकळत चिखलात आपटला. ट्रॅक्टरच्या मागे कोणी उभे नव्हते हे नशीब. नंतर तो तुकडा आम्ही हातात घेऊन पाहिला. वेल्डिंग बाहेरून जाड दिसत होते, पण पाइपाच्या कडेला ते धरलेलेच नव्हते. धातू नुसता वर येऊन बसला होता आणि त्यावर चकचकीत काळा पावडर कोटिंगचा थर होता.

गाळातून गाडी ओढण्याचा जुना हिशेब असा आहे की चाके तुंब्यापर्यंत, म्हणजे मधल्या भागापर्यंत, रुतली तर साधारण गाडीच्या वजनाइतका जोर लागतो, आणि चाकांवरच्या मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. म्हणजे भरलेल्या जिप्सीसाठी दीड ते तीन टन, आणि हिसका बसला तर त्याहून जास्त. हा जोर सोसायची जागा चेसिसचा दांडा आहे, बंपर नव्हे. चेसिसला थेट जोडलेले दोन्ही हुक शाबूत असले, त्यांना चांगले बोल्ट असले, आणि साखळीऐवजी ताणला जाणारा जाड दोर जवळ ठेवला, तर बंपरकडून ओढून घेण्याची ताकद मागायची वेळच येत नाही. बंपर मात्र असा हवा की हुक त्याच्या मागे झाकले जाणार नाहीत, आणि चिखलात हात घालून अंधारात आकडी अडकवता येईल इतकी मोकळी जागा राहील. दुकानात बंपर पाहताना ही गोष्ट फारसे कोणी तपासत नाही. मी ती सर्वांत आधी तपासली.

त्यानंतर कोन. पुढच्या टायरच्या खालच्या कडेपासून बंपरच्या सर्वांत खालच्या टोकापर्यंत ओढलेली रेषा जमिनीशी जो कोन करते, त्यावर उभ्या काठावर गाडीचे नाक आधी टेकेल की चाक आधी चढेल हे ठरते. मी सुतळीचे एक टोक टायरखाली दाबले, दुसरे बंपरच्या खालच्या कडेला धरले आणि पुतणीच्या कंपासपेटीतला कोनमापक जमिनीवर ठेवून वाचन घेतले. मग मिस्त्रींकडे तयार असलेल्या एका पाइप-गार्डचा नमुना त्याच जागी दोघांनी हाताने धरून पुन्हा मोजले. गार्डचा खालचा वाकवलेला पाइप, जो इंजिनाच्या रक्षणासाठी म्हणून दिलेला होता, त्याने कोन दहा अंशांहून अधिक कमी केला. कागदावर हे काहीच वाटत नाही. पण अरुणावती नदीला मिळणाऱ्या नाल्यांचे जे कापलेले काठ मला पावसाळ्यात चढावे लागतात, त्यांतल्या काहींवर हाच दहा अंशांचा फरक गाडी चढते की तोंड खुपसून बसते हे ठरवतो. इंजिनाच्या खालच्या भागाला संरक्षण हवे असेल तर ते चेसिसला खालून लावलेल्या सपाट पत्र्याने द्यावे.

खानदेशात राहणाऱ्याने आणखी एका गोष्टीचा विचार केलाच पाहिजे, ती म्हणजे हवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो, आणि भुसावळ-जळगावकडे तो ४५च्याही पुढे जातो. अशा उन्हात पहिल्या गिअरमध्ये चढ चढताना गाडीचा वेग इतका कमी असतो की रेडिएटरला समोरून वारा जवळजवळ मिळतच नाही, सगळी मदार पंख्यावर असते. त्या वेळी ग्रिलच्या पुढे विंच, तिच्यावर मोठे दिवे, आणि बंपरच्या खालच्या फटीवर शोभेचा पत्रा अशी भिंत उभी केली तर काटा वर चढणारच. थंड प्रदेशातल्या गाड्यांचे फोटो पाहून केलेले बंपर आपल्या उन्हाचा विचार करत नाहीत. बंपर रेडिएटरच्या कितपत आड येतो हे मी गाडीसमोर उकिडवे बसून पाहिले, आणि ज्यातून रेडिएटरची जाळी अर्ध्याहून कमी दिसत होती ते सर्व तिथेच बाद केले.

रोह्याचा आणि रानडुकराचा मुद्दा मी टाळत नाही, कारण जाड गार्डच्या बाजूने सर्वांत मनापासून मांडला जाणारा मुद्दा तोच आहे. रोह्याचा मोठा नर दोनशे किलोंच्या पुढे भरतो आणि त्याचे पाय लांब असतात. बंपर त्याच्या पायांना लागतो, धड बॉनेटच्या उंचीवर असते आणि वेग असला तर ते काचेवर येते. त्या धडाला अडवायचे तर गार्ड बॉनेटच्याही वर न्यावे लागेल, आणि तरीही हलक्या गाडीत तो दणका चेसिसलाच बसेल. रानडुकराच्या बाबतीत गार्डने दिवे वाचतात हे खरे आहे. पण दिवा बदलता येतो. रात्री कपाशीच्या आणि मक्याच्या शेतांमधून जाताना वेग ताशी चाळीसच्या आत ठेवणे आणि मूळ दिव्यांच्या काचा व परावर्तक स्वच्छ, नीट रोखलेले ठेवणे, यांनी जितके अपघात टळतात तितके कोणत्याही गार्डने टळत नाहीत, असे मी पूर्ण विचाराने म्हणतो.

आणि बंपरपुढे येणारे सगळे काही जनावर किंवा दगड नसते. होळीच्या आधी पावरा-बारेला समाजाचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, तेव्हा पाड्यांवरून उतरणारी माणसे, ढोल, कडेवरची मुले यांनी रस्ता भरलेला असतो. आठवडे बाजाराच्या दिवशीही असेच असते. त्या गर्दीतून गाडी पावला-पावलाने न्यावी लागते आणि कितीही सांभाळले तरी एखादे पोर हात सोडवून पुढे धावते. पाइप-गार्डचा वरचा आडवा पाइप मोठ्या माणसाच्या मांडी-कमरेला येतो. लहान मुलाच्या तो छातीला, नाहीतर तोंडाला येतो. पत्र्याचा मोकळा बंपर आणि वर पातळ बॉनेट यांचा मार लागला तरी ती दोन्ही दबतात, पाइप दबत नाही. बंपर हा गाडीचा असा भाग आहे जो गाडीच्या मालकाला क्वचित आणि बाहेरच्या माणसालाच अधिक भेटतो. त्या माणसाचा विचार न करता केलेली निवड मला पूर्ण वाटत नाही.

कायदाही याच बाजूला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरच्या अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुल बारवर, म्हणजे अशाच लोखंडी गार्डांवर, कारवाई करण्यास सांगितले. मोटार वाहन कायदा, १९८८ यातले गाडीतल्या बदलांविषयीचे कलम ५२ हा त्याचा आधार आहे. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षे ओलांडलेली एमएच-१८ची, म्हणजे धुळ्याच्या नोंदणीची, गाडी पुन्हा पासिंगला न्यायची असते, तेव्हा तपासणीत सर्वांत आधी दिसतो तो बंपरच, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी त्यांच्या हाती आयते कारण देतो. नंबर प्लेटही ध्यानात ठेवावी. उच्च सुरक्षा प्लेट एकदाच बसणाऱ्या लॉकने जोडलेली असते, त्यामुळे बंपर बदलताना ती काढली की अधिकृत ठिकाणीच पुन्हा बसवून घ्यावी लागते.

धुळ्यातल्या ज्या मिस्त्रींकडे मी गेलो, त्यांनी आयुष्यभर ट्रॉल्या आणि टँकर जोडले आहेत, त्यामुळे लोखंड कमी लावा असे ते सांगतील ही माझी अपेक्षा नव्हती. पाइप-गार्डला किती खर्च येईल, असे मी विचारल्यावर त्यांनी गाडीला एक फेरी मारली, पुढचे पाटे दाबून पाहिले आणि म्हणाले, “इतलं लोखंड कसाले लावतस, भाऊ? गाडी कितली हलकी शे!”

मी म्हणालो, “आप्पा, सगळे तर जाडच लावा म्हणतात.”

त्यावर त्यांनी कोपऱ्यातला एक वाकलेला चेसिसचा तुकडा पायाने पुढे सरकवला. बोलले काही नाहीत. त्या तुकड्याच्या टोकाला गार्डची सहा मिलिमीटरची प्लेट अजून बोल्टांनी जशीच्या तशी घट्ट होती, तिला साधा ओरखडाही नव्हता. दांडा मात्र तिच्या मागे वीतभर अंतरावर मुडपला होता.

ॲल्युमिनियमचा विचार मी थोडा काळ केला. त्याची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असते, पण ताठपणाही तितकाच कमी, म्हणून जाडी वाढवावी लागते, आणि ते नीट वेल्ड करणारा कारागीर आमच्या भागात सहज मिळत नाही. दगडावर मुडपलेले ॲल्युमिनियम गावच्या वेल्डिंगवाल्याकडे सरळही होत नाही. फायबरचा बंपर एका दगडाच्या ठोक्याने तडकतो, म्हणून त्याकडे पाहिलेच नाही.

शेवटी मूळ घडणीचा, घडीच्या पत्र्याचाच बंपर घ्यायचा ठरला. पण तो निवडण्यातही पुष्कळ बघण्यासारखे होते. सुट्या भागांच्या दुकानात एकाच आकाराचे दोन नमुने समोर आले. दोन्ही काळे, दोन्ही चकचकीत, किमतीत बराच फरक. मी जाडी मोजायचा व्हर्निअर सोबत नेला होता. आपल्या जुन्या बंपरचा जो भाग गंजलेला नव्हता, त्याची जाडी आधी मोजून ठेवली होती, तिच्याशी ताडून पाहिले तर स्वस्त नमुना स्पष्टपणे पातळ निघाला. त्याची खालची घडी अर्धवट वळलेली होती आणि कड धारदार राहिली होती. बंपरला ताठपणा त्या घडीनेच येतो, नुसत्या जाडीने नव्हे. बोल्टांची भोके पंचने मारताना पत्र्याला बारीक चिरा गेलेल्या होत्या, आणि त्या बोटाने चाचपल्यावरच कळत होत्या. दुसऱ्या नमुन्यात भोके स्वच्छ होती, जिथे बोल्ट बसतो तिथे मागून दुहेरी पत्रा होता आणि आतल्या बाजूलाही प्रायमरचा हात फिरला होता. मी तो घेतला. ज्यांना पत्र्याचा बंपर करूनच घ्यायचा असेल त्यांनी तो रंगवण्याआधी पाहायला जावे एवढेच सांगेन: वेल्डिंगच्या कडेला पत्रा खाल्ल्यासारखी खाच आहे का, रेघेत बारीक छिद्रे आहेत का, हे रंग चढल्यावर कधीच दिसत नाही.

बोल्ट जुने वापरले नाहीत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ तो ८०० मेगापास्कल ताणापर्यंत तुटत नाही आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा लांबतही नाही. शिक्का नसलेला बोल्ट दिसायला तसाच असतो, म्हणून एकेक डोके पाहून घेतले. ओढण्याच्या हुकांनाही असेच नवे बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर लावले. मूळ भोके होती तीच वापरली, चेसिसला कुठेही नवे भोक पाडले नाही आणि वेल्डिंग तर अजिबात केले नाही, कारण चेसिसच्या दांड्याला ताप लागला की त्या जागची ताकद बदलते.

बसवण्याआधी आप्पांनी घडीच्या सर्वांत खालच्या रेषेत लहान भोके पाडून दिली, म्हणजे आत गेलेले पाणी साचून राहणार नाही, आणि त्यांच्या कडांना जस्ताचा प्रायमर लावला. घडीच्या आत मी गंजरोधक मेण फवारले. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर पाण्याची नळी खालून घडीत धरली की आधी काळे, मग तांबूस आणि शेवटी स्वच्छ पाणी भोकांतून उतरते, तोवर नळी धरून ठेवायची. बंपर बसल्यावर बोराडीच्या वरच्या दगडी वाटेवर गाडी नेऊन आणली आणि घरी आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळून पाहिले. डावीकडचा खालचा बोल्ट अर्धा फेरा फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत.